नऊ महिने, सात खेपा: आमच्या भागातल्या मदत केंद्राचा अनुभव

मिक्सर घेतला की सहा महिन्यांनी त्याबद्दल लिहायचं, ही माझी जुनी सवय. या वेळी वस्तू नाही, सेवा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातलं एक मदत केंद्र. समाजमंदिराचा हॉल, चार टेबलं, एक प्रिंटर आणि कायमचा बंद पडलेला वॉटर कूलर. दिव्यांग प्रमाणपत्र, निराधार योजना, उत्पन्नाचा दाखला, आधारची भानगड, असल्या कामांसाठी कुठं जायचं, काय जोडायचं हे इथं सांगतात आणि फॉर्म भरून देतात. केंद्र नेमकं कुठलं ते लिहीत नाही. पुढं तक्रारीही आहेत आणि तिथल्या ताईंचं कौतुकही आहे. बदली व्हायला आपल्याकडं दोन्हींपैकी काहीही पुरतं.

वापर जून २०२५ ते मार्च २०२६. काम माझं नव्हतं, आमच्याकडं चौदा वर्षं भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींच्या मुलाचं होतं. मुलगा बावीसचा, जन्मापासून ऐकू येत नाही. आयटीआय करून ऑफसेट छापखान्यात लागलाय. लहानपणी काढलेलं अपंगत्वाचं कागदी प्रमाणपत्र होतं, पण २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि इथली एकतानगरी वसाहत बुडाली, त्या दिवशी यांच्याही खोलीत कमरेएवढं पाणी होतं. ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झाला. आता यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, हवं होतं, कारण त्याला सरकारी भरतीत अर्ज करायचा होता. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगांना सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा आहेत, पण कार्डाशिवाय त्या रांगेत उभंच राहता येत नाही. केंद्राचा पत्ता आमच्या सोसायटीतला कचरा नेणाऱ्या, कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेतल्या एका बाईंनी दिला. माझ्या डॉक्टर मैत्रिणीला तो माहीत नव्हता, सोसायटीच्या सेक्रेटरींनाही नव्हता.

पहिल्या खेपेला मी मुद्दाम बरोबर गेले. आत शिरताच "या मॅडम, बसा" आणि मावशींना "ए मावशी, तिकडं भिंतीला लागून उभी राहा." काम मावशींचं, खुर्ची मला. मी बसले, हेही लिहायला हवं. फॉर्म भरायला सुरुवात झाली आणि ओटीपीपाशी गाडी अडली. पोराच्या आधारला जोडलेला नंबर त्याच्या वारलेल्या वडिलांचा निघाला. वडील हमाल होते. ते सिम कधीच बंद पडलं होतं. "आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून या." एवढंच सांगितलं. मुलाचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं देऊन अपडेट करायचं असतं, ते राहिलं असेल तर नंबर बदलतानाही ठसे जुळणार नाहीत, हे कोणी सांगितलं नाही. ते आधार केंद्रात गेल्यावर कळलं. तुमच्या घरात पंधरा ओलांडलेलं पोर असेल तर आजच बघून घ्या.

दुसऱ्या खेपेला आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं आडनाव वेगळं निघालं. तिसऱ्या खेपेला प्रिंटर बंद. चौथ्या खेपेला, जुलैच्या शेवटी, यूडीआयडीबरोबर संजय गांधी निराधार योजनेचाही अर्ज करू म्हणून मावशी सगळे कागद घेऊन गेल्या आणि तिथं त्यांना कळलं की त्या योजनेत त्या बसतच नाहीत.

इथं जरा थांबते, कारण सगळ्या अनुभवाचं मूळ इथं आहे. या योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. म्हणजे एरवी महिन्याला १,७५० आणि दिव्यांग असेल तर चार हजारांच्या थोडं वर. एवढ्यात पुण्यात घर चालवून दाखवा. मावशी चार घरची कामं करतात, मुलाचा पगार येतो, दोन्ही मिळून हिशोब कुठल्याच अंगानं ५०,००० च्या आत येत नाही. रांगेतल्या एकानं हळूच सांगितलं, "कमी लिहा, सगळे लिहितात." मावशी म्हणाल्या, "आणि कोण घरी बघायला आलं तर फ्रिज कुठं लपवू?" खरं सांगणारा बाद, असा तो प्रकार. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं अनुदान महिना २,५०० झालं, चांगलं झालं, पण उंबरठा होता तिथंच राहिला.

नियम केंद्रानं केलेला नाही, त्याबद्दल त्यांना बोल लावत नाही. पण ही मर्यादा पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगता आली असती. चार खेपा म्हणजे मावशींचे चार खाडे. दोन घरी खाड्याचे पैसे कापतात. आमच्या घरी कापत नाही, हे सांगून मी मोठी होत नाही, कारण बाकीच्या तीन घरांशी मी कधी बोलले नाही.

ऑगस्टमध्ये केंद्राच्या प्रमुख बदलल्या. नव्या आलेल्या ताई समूहसंघटिका म्हणून वर्षानुवर्षं वस्त्यांमध्ये बचत गट बांधत फिरलेल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी केबिन सोडली. केबिनमध्ये आता झेरॉक्सचं मशीन आहे आणि ताई दाराशी पहिल्या टेबलावर बसतात. दारावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात उत्पन्नाच्या मर्यादा लिहून लावल्यात, टोकन घ्यायच्या आधी दिसतील अशा. मी मावशींच्या चार खेपांची कैफियत मांडली तेव्हा त्या म्हणाल्या, "'नाही' म्हणायला आम्हाला चार खेपा लागतात, कारण 'नाही' कोणालाच म्हणायचं नसतं. पुढच्या टेबलावर ढकलायचं असतं."

त्यांचं सगळ्यात भारी काम म्हणजे एक दोनशेपानी रजिस्टर. नाव, काम, कागद या नेहमीच्या रकान्यांच्या शेवटी त्यांनी पट्टीनं एक रकाना आखलाय: 'कितवी खेप'. आलेल्या प्रत्येकाला आधी तेच विचारतात. दोनपर्यंत निळं पेन, तिसरीपासून लाल. शनिवारी दुपारी लाल नोंदी वाचायच्या आणि माणूस का परत आला ते शोधायचं. निम्मी लाल नोंद नावांच्या फरकांची निघाली, तेव्हा आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव ताडून बघायचं काम पहिल्याच टेबलावर आलं. कोणी सल्लागार नाही, डॅशबोर्ड नाही. इतर ठिकाणी 'आज किती अर्ज निकाली' असा फलक असतो. माणूस पाच वेळा परत गेला तरी तो अर्ज तिथं एकच.

मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ केंद्र उघडं ठेवायला त्यांनीच सुरुवात केली. कामवाल्या बायका, बिगारी, वॉचमन यांची तीच वेळ. पाचवी खेप आम्ही अशाच मंगळवारी केली आणि एका बैठकीत अर्ज गेला.

दुसरा बदल मला झोंबला. माझ्या आईच्या एका दाखल्यासाठी मी एकदा सकाळी गेले होते. टोकन चार नंबरचं. ताईंनी एकोणीस नंबरला आधी बोलावलं. मजूर अड्ड्यावरचा माणूस होता, सिमेंट लागलेल्या चपलांनिशी. मी कुरकुर केली. ताई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही उद्या आलात तर तुमचं काय बुडेल?" माझं काहीच बुडणार नव्हतं. राग मात्र आला, दोन दिवस टिकला. आजही मला वाटतं की असा नियम असेल तर तो दारावर लिहावा, ताईंच्या मर्जीवर ठेवू नये. उद्या त्यांच्या जागी दुसरं कोणी आलं आणि त्यानं ओळखीच्या माणसाला एकोणिसावरून पुढं घेतलं, तर त्याला कोणत्या तोंडानं अडवणार?

पावतीबद्दल त्या फार कडक. तहसीलच्या खिडकीवर अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे प्रत्येकाला बजावतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण पोचच नसेल तर मुदत मोजायची कुठून? आईच्या दाखल्याच्या वेळी मी पोच दाखवून फक्त "मुदत संपली का हो?" एवढं विचारलं. तिसऱ्या दिवशी दाखला आला. अपील करावं लागलं नाही.

उणिवा आता. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली शेजारच्या व्यायामशाळेत. रॅम्प आहे, पण त्याच्या तोंडाशी दोन स्कूटर ठरलेल्या. दिव्यांगांचं काम करणाऱ्या केंद्रात खुणांची भाषा येणारं एकही माणूस नाही. सगळे मावशींशी बोलायचे, "याचं शिक्षण किती? हा काय करतो?" आणि हा समोर उभा. एकदा त्यानं मोबाइलवर टाइप करून टेबलावरच्या पोराच्या नाकासमोर धरलं: 'मला विचारा. मला वाचता येतं.' टोकनचा नंबर तर ओरडून पुकारायचे! ऐकू न येणाऱ्याचा नंबर ओरडून. तो दोनदा हुकला. ताईंना दाखवल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी लहान मुलांची पाटी आणि खडू आणला. नंबर पाटीवर लिहून वर धरायचा. खर्च शंभराच्या आतला.

डिसेंबरात सगळं ढेपाळलं. १५ डिसेंबरला महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ताईंसकट निम्मे लोक निवडणुकीच्या कामाला गेले. मार्च २०२२ पासून पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. आधी हे फॉर्म नगरसेवकाच्या कार्यालयातून, त्याच्या पत्रासकट जायचे, ती सोय आणि तो मिंधेपणा दोन्ही त्या काळात बंद पडले आणि लोक केंद्राकडं वळले होते. १५ जानेवारीला मतदान झालं. आता पुन्हा चौकाचौकात मोफत शिबिरांचे फ्लेक्स लागलेत. शिबिरात फॉर्म भरून होतो, पण तो परत आला तर तुम्ही कोणाकडं जाणार, फ्लेक्सकडं?

त्या पाच आठवड्यांत केंद्र जूनच्या जागी परत गेलं. मंगळवारची संध्याकाळ बंद. रजिस्टरमध्ये खेपेचा रकाना कोरा. बसवलेला तरुण सोज्वळ होता, पण त्याला त्या रकान्याचा अर्थच कोणी सांगितला नव्हता. सहावी खेप आमची त्यातच झाली. नंबर पुन्हा ओरडून चालले होते, पाटी कपाटामागं पडलेली. मावशींच्या मुलानं ती काढली, बाहीनं पुसली, त्या तरुणाच्या हातात टोकनांचा गठ्ठा बघून नंबर लिहायला लागला आणि तासभर दाराशी धरून उभा राहिला. कोणी हटकलं नाही. मागून एक आजी ओरडल्या, "आणि खेप लिहा की हो, आमची पाचवी हाय!"

एवढं सगळं धरून पाचात साडेतीन देते. ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढंच बघितलं असतं तर साडेचार दिले असते. चांगली प्रमुख मिळणं नशिबाचा भाग झाला, तिची पद्धत तिच्या रजेतही चालायला हवी होती आणि ती ताईंनी कोणाला शिकवून ठेवली नव्हती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान्य केलं, आता दर सोमवारी सकाळी रजिस्टर दुसऱ्या कोणी तरी भरायचं असं ठरलंय.

रुग्णालयातल्या तपासण्या जानेवारी-फेब्रुवारीत झाल्या. अर्जानंतर प्रमाणपत्र द्यायची मुदत पूर्वी एक महिना होती, २०२४ च्या नियमदुरुस्तीनं ती तीन महिने झाली, हे लक्षात ठेवून अर्ज वेळेत टाका. कार्ड मार्चमध्ये पोस्टानं आलं. निळं, म्हणजे ८० टक्के किंवा त्याहून जास्त. अनुदान नाही मिळालं, मिळणारही नाही. भरतीचा अर्ज त्यानं स्वतः भरला.

सातवी खेप कार्डाची झेरॉक्स केंद्राच्या फाइलला द्यायला. ताई परत आल्या होत्या. या वेळी त्यांनी मावशींकडं पाहिलंच नाही. पाटीवर 'कितवी खेप?' लिहून मुलासमोर धरली. त्यानं खडू घेतला आणि लिहिलं: ७. मग खाली, जरा बारीक: 'इथल्या. आधार ३, दवाखाना ४ धरून १४.'

ताईंनी पाटी दोनदा वाचली. मग पट्टी शोधली आणि रजिस्टरच्या शेवटी आणखी एक रकाना आखायला घेतला.