स्टॅनली बंदरातला एक दिवस: जिप्सी कोव्ह, ब्लफ कोव्ह की व्हॉलंटियर पॉइंट?

दक्षिण अमेरिकेच्या किंवा अंटार्क्टिकाच्या क्रूझमध्ये फॉकलंड बेटांचं स्टॅनली बंदर लागतं, तेव्हा हाताशी असतो एक दिवस. नीट मोजला तर सात-आठ तास. पेंग्विन तिन्ही ठिकाणी दिसतात. त्यामुळे ‘सगळ्यात जास्त पेंग्विन कुठे?’ इथून सुरुवात केली की निवड हमखास चुकते. आधी विचारायचं ते हे: शेवटची टेंडर बोट धक्क्यावरून किती वाजता सुटते? तिथून उलटं मोजत या.

मोठी जहाजं आतल्या बंदरात येत नाहीत. ती बाहेर पोर्ट विल्यममध्ये नांगर टाकतात आणि टेंडर, म्हणजे जहाजावरच्याच लहान बोटी, ‘नॅरोज’ नावाच्या अरुंद तोंडातून प्रवाशांना आत पब्लिक जेटीवर आणून सोडतात. पाण्यावर वीस-पंचवीस मिनिटं जातात, पण वेळ खरा खातो तो जहाजावरचा नंबर. जहाजाच्या सहली घेतलेल्यांना साधारणपणे आधी उतरवतात. बाहेरून गाडी ठरवलेल्या प्रवाशाने सकाळी लवकर टेंडरचं तिकीट घेतलं नाही, तर जमिनीला पाय लागेपर्यंत दहा वाजलेले असतात.

पोर्ट विल्यमचं तोंड पूर्वेला उघड्या समुद्राकडे आहे. लाटा आत शिरल्या की टेंडर जहाजाला खेटून वर-खाली व्हायला लागते. त्या क्षणी खलाशाचा हात नुसता पकडू नका; मनगटाच्या वर एकमेकांची पकड घ्या, बोट वर येईपर्यंत थांबा आणि तो म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. कॅमेरा गळ्यात नको, पाठीवरच्या पिशवीत हवा. वारा वाढला तर कप्तान उतरणंच रद्द करतो आणि ते इथे नवलाचं नाही. सकाळी निरभ्र आकाश असतं आणि दुपारी टेंडर बंद पडतात, असंही होतं. लहान मोहीम-जहाजांना हा त्रास कमी, कारण ती बहुधा फिपास या तरंगत्या धक्क्याला थेट लागतात. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२च्या युद्धानंतर, १९८४ मध्ये, बार्ज जोडून तो तात्पुरता म्हणून उभारला होता. तिथे उतरलात तर गावात जायला शटल बस घ्यावी लागते.

आता तिन्ही जागा.

जिप्सी कोव्ह गावापासून साधारण सहा किलोमीटरवर आहे. जेटीच्या तोंडाशीच पर्यटक केंद्र आहे. तिथे माहिती, स्वच्छतागृह, वाय-फाय मिळतं आणि जिप्सी कोव्हच्या शटलची चौकशीही होते. जाऊन-येऊन दोन-अडीच तास पुरतात. इथे मॅगेलॅनिक पेंग्विन दिसतात. ते जमिनीत बीळ करून राहतात, म्हणून आखलेली पायवाट सोडायची नाही. पाय पडला की बिळाचं छत खचतं. गर्दीचा थवा पाहायची आस असेल तर मात्र इथे निराशा होईल: बिळाच्या तोंडाशी एखाद-दुसरा उभा दिसतो, बाकीचे खाली वाळूवर, लांब. ही जागा निवडायची ती मोकळेपणासाठी. टेंडर उशिरा आली तरी बेत मोडत नाही. पाय धड असतील तर एका बाजूने चालत या, दीड-दोन तास लागतात. वाटेत ‘लेडी एलिझाबेथ’ हे १८७९चं, तीन डोलकाठ्यांचं गंजलेलं लोखंडी गलबत उथळ पाण्यात रुतलेलं दिसतं.

ब्लफ कोव्ह खाजगी शेतजमीन आहे. बसने रस्त्याच्या टोकापर्यंत आणि पुढे जीपने माळावरून, अशी सुमारे तीन तासांची सहल. जेंटू जातीच्या पेंग्विनची मोठी वसाहत, सोबत थोडे किंग पेंग्विन, आणि किनाऱ्यावरच्या छोट्या कॅफेत चहा व घरी भाजलेले केक. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर आम्ही डोळे झाकून हीच सुचवू. जागा मर्यादित असतात. जहाजावर चढल्यानंतर पाहू म्हणाल तर मिळणार नाही.

व्हॉलंटियर पॉइंट म्हणजे फॉकलंडमधली किंग पेंग्विनची सगळ्यात मोठी वसाहत. किंगचं एक पिल्लू वाढवायला वर्षाहून जास्त काळ लागतो, त्यामुळे क्रूझच्या हंगामात कधीही जा, तपकिरी लोकरीचं झबलं घातल्यासारखी पिल्लं दिसतातच. पण वाट अडीच तासांची आहे: आधी खडीचा रस्ता, मग जॉन्सन्स हार्बर या वस्तीनंतर तासभर रस्ताच नाही. स्टॅनलीबाहेरच्या साऱ्या मुलखाला इथले लोक ‘कॅम्प’ म्हणतात. या कॅम्पमधली जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या पाणी धरणाऱ्या थराची. वरून गवत सपाट दिसतं आणि चाक आत जातं. म्हणून जीपगाड्या जोडीने किंवा ताफ्याने जातात, एक रुतली की दुसरी दोर लावून ओढते. मणक्याचा किंवा मानेचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा बेत करू नये.

हिशेब मांडा. नऊला निघालात तर साडेअकराला पोहोचता, दोन तास तिथे, चारला परत. निघायला दहा वाजले तर पाच होतात, आणि शेवटची टेंडर साडेचारची असू शकते. जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही परस्पर ठरवलेल्या गाडीसाठी थांबेलच असं नाही. स्वतः ठरवणार असाल तर चालकाला शेवटच्या टेंडरची वेळ आधीच कळवा आणि तिच्या आधी निदान एक तास हाताशी ठेवा. तुमचं जहाज पुढे साउथ जॉर्जिया बेटाला जात असेल, तर हा खटाटोप नकोच. तिथे सेंट अँड्र्यूज बेमध्ये किंग पेंग्विन लाखांनी आहेत. अशांनी स्टॅनलीचा दिवस गावाला द्यावा: धक्क्याजवळचं डॉकयार्ड संग्रहालय, आणि कॅथीड्रलशेजारची १९३३ची देवमाशांच्या जबड्यांची कमान.

कुठेही गेलात तरी पेंग्विनपासून सहा मीटर अंतर ठेवा. तो वाटेत आला तर थांबायचं तुम्ही. फळं, भाज्या, मांस जहाजावरून उतरवू नका. फॉकलंड पाउंड ब्रिटिश पाउंडाच्या बरोबरीचा आहे, पण बेटांबाहेर त्याच्या नोटा कुणी घेत नाही. सुटे मिळाले तर तिथेच संपवा. हवा गार असते, ऊन मात्र भाजून काढतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन वरच्या कप्प्यात हवं.

आणि व्हॉलंटियरची गाडी ठरवताना एक प्रश्न न चुकता विचारा: टेंडर रद्द झाली तर पैसे परत मिळतात का? उतरायला साडेनऊच्या पुढे वेळ गेली, तर गाडीवाल्याशी बोलून बेत सोडा आणि पर्यटक केंद्रात जाऊन जिप्सी कोव्हच्या शटलचं तिकीट काढा.