डीव्हीडी ड्राइव्हची लेन्स पुसायची की बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्यायचा?

गाण्यांची सीडी सुरळीत वाजते, पण लग्नाची डीव्हीडी काही केल्या लागत नाही. माझ्या जुन्या डेस्कटॉपची हीच रड होती. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. त्यामुळे एक थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो.

लेसर ज्या लेन्समधून डिस्कवर पडतो, ती पुसायला खर्च जवळपास नाहीच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, बस्स. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा ट्रे ओढला की लेन्स समोरच दिसते. डेस्कटॉपचा ड्राइव्ह मात्र बाहेर काढून, स्क्रू सोडवून उघडावा लागतो. वीज आधी बंद करा. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, तेव्हा हात हलका हवा. मी पुसली, काडीला काळपट धूळ आली आणि छापील (कंपनीतूनच भरून आलेल्या) डीव्हीडी लागायला लागल्या. घरी राइट केलेल्या मात्र नाहीत. अशा डिस्क प्रकाश कमी परतवतात, री-रायटेबल (पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क तर आणखीनच कमी. अशक्त लेसर तिथेच आधी हात टेकतो.

यूएसबी ड्राइव्हला पैसे पडतात, पण खोट कुठे आहे ते लगेच कळतं. त्यातही डिस्क लागली नाही, तर बहुधा खोट डिस्कमध्येच. (आधी शेजाऱ्याचा मागून आणा, लाजू नका.) तो डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा, करंट कमी पडला की नुसता टक-टक करत बसतो. ब्लू-रे असेल तर साधा डीव्हीडी ड्राइव्ह निरुपयोगी, तिला ४०५ नॅनोमीटरचा लेसर हवा.

मी शेवटी यूएसबीच घेतला. लग्नाची डिस्क लागली, आणि त्याच दुपारी हार्ड डिस्कवर कॉपी करून टाकली.