बोर्रा गुहेत बोट नाही, हे मला २३,६०० रुपयांना कळलं

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. काउंटरवर बसून 'पिन कोणाला सांगू नका, अनोळखी खात्यात पैसे टाकू नका' हे घसा कोरडा पडेपर्यंत लोकांना सांगितलं. त्यामुळे पुढचं लिहिताना मान खाली जातेय. मुलगी म्हणाली, "बाबा, नका लिहू, लोक हसतील." हसू देत. थंडीत आपली मंडळी आंध्रातल्या अराकूला जातात, त्यातल्या एकाचे तरी पैसे वाचू देत.

जाहिरात मोबाइलवर आली. विशाखापट्टणम, अराकू, बोर्रा गुहा आणि 'गुहेतल्या भूमिगत गोस्थनी नदीत बोट सफर'. दिलेल्या नंबरवर फोन केला तर पलीकडून चक्क मराठी. "बोला काका! मी मूळचा सोलापूरचा, दहा वर्षं झाली इथे येऊन." परमुलखात आपला माणूस भेटला म्हणून मी तिथेच विरघळलो. तुम्हीही विरघळला असतात, उगाच शहाणपण सांगू नका.

हिशेब असा. बोट पास माणशी २,४५०, चौघांचे ९,८००. काचेच्या छताच्या विस्टाडोम डब्याची 'कोट्यातली' तिकिटं माणशी १,६५०, म्हणजे ६,६००. बोर्रा स्टेशनवरून गाडी, आगाऊ ५,०००. आणि लाइफ जॅकेटची 'परत मिळणारी' अनामत २,२००. ही अनामत ऐकून तर मला माणूस फार काटेकोर वाटला होता!

आता जिथे जागं व्हायला हवं होतं ते सांगतो, कारण रात्री अजून तेच डोळ्यांपुढे येतं. त्यानं फोटो पाठवले होते. एकात गुहेचं काळं तोंड, आत हिरवं पाणी, हेल्मेट घातलेली माणसं बोटीत. दुसऱ्यात पांढऱ्या वाळूवर उभ्या होड्या, दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेला तोल). माझा जन्म मालवणचा. आमच्या होडीला उलांडी एका बाजूला असते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. ही होडी आपल्याकडची नाही, हे मला दिसलं. दिसलं! मी विचारलंसुद्धा, की डोंगरातल्या गुहेपाशी समुद्राची वाळू कशी? तो म्हणाला, "काका, वायझॅगला समुद्र आहेच ना, पॅकेजमध्ये दोन्ही येतं." आणि मी गप्प बसलो. परत आल्यावर मुलीनं फोटो शोधला. फिलिपिन्समधल्या पोर्तो प्रिन्सेसाच्या भूमिगत नदीचा. तिथे खरोखरच नदीतून बोटीनं गुहेत नेतात.

दुसरी घंटा यूपीआयची. पिन टाकायच्या आधी पडद्यावर कुणा बाईंचं नाव आलं, ट्रॅव्हल्सचं नाही. "अकाउंटंट मॅडम आहेत, कंपनीच्या खात्याचं आजचं लिमिट संपलंय." हे वाक्य एखाद्या ग्राहकानं मला काउंटरवर सांगितलं असतं तर मी त्याला हाताला धरून बसवलं असतं.

विशाखापट्टणमला भल्या सकाळी किरंदुल पॅसेंजरला उभे राहिलो. टीसीनं पीएनआर टाकून बघितला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तिकीट बनावट. (पीएनआर रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर तपासायला दोन मिनिटं लागतात. मी तपासला नाही. फोटो बघायला मात्र रोज वेळ होता.) साध्या डब्यात, पत्नी दाराशी बॅगेवर बसून, बोगद्यांमागून बोगदे मोजत बोर्रा गुहालुला उतरलो. गाडी कसली येतेय! "काका, ट्रॅफिकमध्ये आहे" असं दोनदा ऐकलं, मग नंबर ब्लॉक.

गुहेच्या दारात मी बोटीचं विचारलं. रखवालदारानं बोट दाखवलं, जमिनीकडे. "नदी नीचे है, साब." गोस्थनी खाली गुहेच्या पोटातून वाहते, पर्यटकांच्या वाटेवर बोट चालेल असं पाणीच नाही. तिकीट खिडकीवर चौघांना मिळून एका बोट पासाच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. गुहा सुंदर आहे, ते नाकारत नाही. चुनखडीत पाण्यानं हजारो वर्षांत घडवलेले खांब आहेत, आत शिवलिंग आहे, गाय छतातून पडल्याची कथा आहे. पण मला खांबांखांबांत तो सोलापूरकर दिसत होता.

खरा संताप पुढचा. तिथल्या पोलीस ठाण्यात तास बसवून सांगितलं, पैसे तुमच्या ठाणे शहरातून गेले, तिकडे तक्रार करा. घरी ठाणे शहरात आलो तर इथले पोलीस म्हणाले, फसवणूक आंध्रात झाली, तिकडे जा. मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ काढून दाखवलं. १ जुलै २०२४ पासून हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. साहेब म्हणाले, "काका, तुम्ही वकील आहात का?" चार खेपांनंतर अर्ज घेतला, पोच पाचव्या खेपेला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी तिसऱ्या दिवशी फोन केला, तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून गेले होते. पहिल्या तासात करा, गुहा बघत बसू नका. माझ्या बँकेनं तर हातच वर केले: पिन तुम्हीच टाकलात. फसवणुकीत ग्राहकावर किती तोटा पडावा याचं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी स्वतः लोकांना समजावलंय, ते संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होतं, हे मला माहीत आहे. पण ज्या खात्यात पैसे गेले ते उघडताना कागदपत्रं कुणी तपासली, एवढं तरी सांगा? उत्तर नाही. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर पाच महिने 'प्रक्रिया सुरू'.

मराठी बोलतो म्हणून कुणाला आपला मानू नका. अनामत मागितली की फोन ठेवा. आणि गोस्थनी बघायचीच असेल तर विशाखापट्टणमजवळच्या भीमुनिपट्टणमला जा, तिथे ती समुद्राला मिळते, फुकट दिसते.

परवा पत्नीच्या फोनवर जाहिरात आली. होडी तीच, दोन्हीकडे उलांड्या. आता गुहा मेघालयातली आहे आणि बोट पास २,९५०.