विश्रामबागचं व्हिसा ऑफिस: कागद चोख, सल्ला अर्धा

भाच्याच्या ऑस्ट्रेलियाच्या ४८२ व्हिसासाठी (तिकडच्या मालकानं स्पॉन्सर केलेला तात्पुरता कामाचा व्हिसा) इथं गेलो होतो. पोरगा कुपवाड एमआयडीसीत वेल्डर. फायली बघणारी मुलगी हुशार. अनुभवपत्रात नुसतं 'वेल्डर' लिहून भागत नाही. रोजचं काम, पगार, तारखा सगळं हवं, म्हणून तिनं कारखान्याचं पत्र नव्यानं करून आणायला लावलं. साहेबांचं मात्र भलतंच. 'स्पॉन्सरशिपचा खर्च' म्हणून वेगळे पैसे मागितले. अहो, स्पॉन्सरशिपमधली ट्रेनिंग लेव्ही, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा सरकारी आकार, तिकडच्या मालकानंच भरायची असते, कामगाराकडून वसूल करता येत नाही! वर पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, आपोआप मिळते म्हणे. खरं तर दोन वर्षं काम झाल्यावर १८६ साठी, म्हणजे पीआरच्या व्हिसासाठी, मालकानं पुन्हा नॉमिनेट करावं लागतं, वयही सहसा ४५च्या आत हवं. चहा बरा होता. दोन स्टार, तेही त्या मुलीचे.