ऑस्ट्रियन तोफखाना: १८०९चा घ्यावा की १८६६चा?

टेबलावरच्या लढाईसाठी, म्हणजे छोट्या सैनिकांच्या आणि तोफांच्या प्रतिकृती मांडून खेळायच्या खेळासाठी, ऑस्ट्रियन तोफखाना जमवायचा म्हटलं की आधी साल ठरवा, प्रतिकृती बनवणारी कंपनी नंतर. वाग्रामच्या लढाईत नेपोलियनशी भिडलेला १८०९चा, की क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाकडून हरलेला १८६६चा?

रंगवण्याची हौस मोठी असेल तर १८०९, तोही २८ मिलिमीटरमध्ये (म्हणजे सैनिकाची उंची साधारण तेवढी). तोफांचे मातकट पिवळे गाडे, त्यावर काळं लोखंडकाम, पंचरसी नळ्या, तपकिरी कोटातले लाल कॉलरचे गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे सैनिक. माझा पहिला गाडा मी आधी पिवळा केला आणि मग काळ्या पट्ट्या ओढत बसलो. एकही सरळ आली नाही. आता उलटं करतो: आधी काळा प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात), पट्ट्या सोडून लाकडावर तपकिरी, त्यावर पातळ पिवळ्याचे दोन हात. मधला तपकिरी टाळू नका; काळ्यावर थेट पिवळा मारला की हिरवट झाक येते. घोडदळाबरोबरची एक तोफ तरी घ्याच. तिच्या गाड्यावर लांबट गादी असते आणि गोलंदाज तीवर घोड्यासारखी मांड ठोकून बसतात. तिचं नावही ‘वुर्स्ट’, म्हणजे सॉसेज! अडचण एकच, २८ मिलिमीटरच्या धातूच्या तोफा जड, त्यामुळे परदेशातून मागवताना टपालखर्च टोचतो.

१८६६ची गंमत खेळात आहे. १८६३च्या नमुन्याच्या चार आणि आठ पौंडी तोफा भरायच्या तोंडातूनच, पण नळीत आटे (गोळ्याला फिरकी देणाऱ्या खाचा) पाडलेले. पल्ला तीन किलोमीटरच्या पुढे. १८०९च्या सहा पौंडीचा मारा किलोमीटरभराच्या आतच परिणामकारक. म्हणून १८६६साठी २८ मिलिमीटर नकोच. सहा फुटी टेबलावर तोफेचा मारा या टोकावरून त्या टोकाला पोचला तर डावपेच कसले? ६ किंवा १० मिलिमीटर घ्या, आठ तोफांची अख्खी बॅटरी (तोफांची तुकडी) मांडा. प्रशियाच्या मागून भरायच्या, झटपट झडणाऱ्या सुई-बंदुकीपुढे ऑस्ट्रियन पायदळ कापलं जातं, तोफखाना मात्र सरस, त्यामुळे डाव तोफांवरच तोलावा लागतो. क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ख्लुम गावापाशी कॅप्टन फॉन डेर ग्र्योबेनची बॅटरी अशीच शेवटपर्यंत लढली आणि ‘मृतांची बॅटरी’ म्हणून ओळखली गेली.

मी स्वतः १८०९पासून सुरुवात केली. खेळगडी आधीच मिळालेला असता तर १८६६ घेतला असता. दोन्हींचा मोह असेल तर कोटांसाठी तपकिरी रंगाची बाटली एकच पुरते, १८६६साठी त्यात काळ्याचा थेंब टाका.