फ्लूची अँटिबॉडी म्हणून आम्हाला काय विकलं गेलं

धुळे, नंदुरबार, जळगावकडे ज्यांच्या प्रयोगशाळेत अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं) मागवल्या जातात, त्यांनी हे जरूर वाचा. आमच्या धुळ्यातल्या लॅबला एका डीलरने व्यवस्थित चुना लावला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण पोलिसांकडे आहे. पण त्याने हे कसं केलं ते सांगतो.

आम्हाला हवी होती इन्फ्लुएन्झा ए, एच1एन1 च्या हिमॅग्लुटिनिनवर चालणारी माउस मोनोक्लोनल, म्हणजे उंदरापासून मिळवलेली आणि एकच ठरावीक जागा ओळखणारी अँटिबॉडी. हिमॅग्लुटिनिन (एचए) म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं ते प्रथिन, ज्याच्या जोरावर तो श्वसनमार्गातल्या पेशींना चिकटतो. ते सारखं बदलत असतं, म्हणूनच डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीतले स्ट्रेन (विषाणूचे वाण) नव्याने सुचवते. त्यामुळे अँटिबॉडी नेमकी कोणत्या स्ट्रेनवर तपासली आहे, हे डेटाशीटवर असायलाच हवं. जिवंत विषाणू आम्ही हाताळत नाही. आमचं काम ए/कॅलिफोर्निया/07/2009 या स्ट्रेनच्या रीकॉम्बिनंट, म्हणजे जनुक वापरून प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनावर चालतं.

31 मार्चच्या आत अनुदान खर्ची पडलं पाहिजे, ही तारीख डीलर लोकांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असते. तीन कोटेशन आली, त्यात याचं सगळ्यात कमी. सोबत परदेशी कंपनीचं ‘अधिकृत वितरक’ असल्याचं पत्र. अट एकच, पैसे आधी. लेखा विभागाने आरटीजीएस केलं आणि माल आला एप्रिलमध्ये, मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, डिकीत सामानाखाली. थर्माकोलच्या डब्यातल्या जेलच्या पिशव्यांचं पाणी झालेलं. डेटाशीटवर स्ट्रेनच्या जागी ‘सर्व हंगामी स्ट्रेन’ एवढंच. फोन केला तर म्हणाला, “सर, आजकालच्या अँटिबॉडी सगळं पकडतात.” असं काही नसतं. सगळे स्ट्रेन पकडतो म्हणणाऱ्याने ते कशावर तपासलं, ते दाखवायला हवं.

आमच्या संशोधक ताईने वेस्टर्न ब्लॉट लावला, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या पातळ कागदावर उतरवली आणि त्यावर ही अँटिबॉडी सोडली; ती चिकटली तर तिथे पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. मेम्ब्रेन कोरी. पुन्हा लावला, डायल्युशन बदललं, रात्रभर चार अंशांवर ठेवून पाहिलं, तरी कोरीच. डीलरचं उत्तर तयार होतं, “तुमच्या मुलांचा हात बसला नसेल सर, आमच्या इतर ग्राहकांकडे बँड मस्त येतोय.” इथे बहुतेक लोक गप्प बसतात. लहान गावातल्या कॉलेजात काम करताना आपलंच काही चुकलं असेल असं वाटायला वेळ लागत नाही, आणि या लोकांचा धंदा त्यावरच चालतो.

पण आमच्या प्रथिनाला हिस-टॅग, म्हणजे ओळखीसाठीचा छोटा तुकडा, जोडलेला आहे. त्याच मेम्ब्रेनवर ताईने हिस-टॅगची अँटिबॉडी लावली, तर आमच्या प्रथिनाच्या वजनाच्या जागी, सत्तर किलोडाल्टनच्या आसपास, ठसठशीत बँड. म्हणजे प्रथिन होतं, ट्रान्सफर झाला होता, हातही बसलेला होता.

मग तिने जे केलं ते प्रत्येकाने शिकून घ्यावं. खर्च जवळजवळ शून्य, वेळ अर्धा दिवस. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर तिने त्या व्हायलमधल्या अँटिबॉडीचाच एक थेंब ठेवला, शेजारी खात्रीच्या माउस अँटिबॉडीचा. पट्टी ब्लॉक करून वरून एचआरपी (खूण उमटवणारं एन्झाइम) जोडलेली अँटी-माउस सेकंडरी, म्हणजे उंदराच्या अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी, सोडली. खात्रीचा थेंब काळाभोर उमटला, विकत घेतलेल्याचा मागमूस नाही. दुसऱ्या पट्टीवर तेच थेंब, पण सेकंडरी अँटी-रॅबिट. आता उलटं झालं. लेबलवर माउस लिहिलेल्या व्हायलमध्ये सशाची अँटिबॉडी होती.

आमचे परिचर आप्पा व्हायल उजेडाकडे धरून न्याहाळत होते. ते म्हणाले, “सर, आठे एकवर एक दोन चिठ्ठ्या शेतस.” स्पिरिटचा बोळा लावून वरचं लेबल अलगद सोडवलं. खाली त्याच कंपनीचं मूळ लेबल: एचए-टॅग, रॅबिट पॉलिक्लोनल, म्हणजे सशापासून मिळवलेल्या अनेक अँटिबॉडींचं मिश्रण. लॉट नंबरही वेगळा.

ही निवड अडाणीपणाची नाही, माहीतगाराची आहे. एचए-टॅग हा इन्फ्लुएन्झाच्याच हिमॅग्लुटिनिनचा, 98 ते 106 या जागांवरचा, नऊ अमिनो आम्लांचा तुकडा. रेणूजीवशास्त्रात आपल्या प्रथिनावर खूण म्हणून तो जोडतात, आणि त्याच्या अँटिबॉडी सर्रास व स्वस्तात मिळतात. पण हा तुकडा एच3 प्रकारच्या विषाणूतला. एच1 मध्ये त्या जागी अमिनो आम्लांचा क्रम वेगळा आहे, त्यामुळे आमच्या प्रथिनावर तिला धरायला काही नव्हतंच. भरिताच्या वांग्याचा भाव घेऊन नुसतं देठ हातात दिलं. कोणी जाब विचारलाच, तर “एचए लिहिलंय ना सर, एचएच दिलंय” म्हणायची सोय राहते. पुढे तो अगदी तसंच म्हणाला.

वरच्या लेबलवरचा लॉट नंबर फोटोसकट मूळ कंपनीला मेलने कळवला. दोन ओळींत उत्तर आलं: या कॅटलॉग नंबरखाली असा लॉट आम्ही काढलेला नाही, आणि ही फर्म आमची वितरक नाही. हाच मेल पैसे पाठवायच्या आधीही करता येतो. वितरकाचं पत्र आलं की त्यावरच्या फोनवर नाही, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर विचारायचं. आमच्या ऑर्डरमध्ये आता लिहिलेलं असतं की लॉटनिहाय विश्लेषण प्रमाणपत्र मालाआधी मेलने यावं आणि पैसे ब्लॉट दिसल्यावर मिळतील. यावर एक-दोन डीलरनी कोटेशन मागे घेतली. घेऊ देत.

व्हायल, दोन्ही लेबलं आणि पट्ट्यांचे फोटो तक्रार अर्जाला जोडले आहेत. पैसे अजून परत आलेले नाहीत.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. नंदुरबारच्या एका मित्राने परवा कोटेशन दाखवलं. फर्मचं नाव नवं, पण मोबाइल नंबर तोच, आणि ‘सर्व हंगामी स्ट्रेन’ हे शब्दही तेच. यंदा त्याने डेंग्यूच्या एनएस1 या प्रथिनाची अँटिबॉडीही यादीत टाकली आहे. असं कोटेशन तुमच्या टेबलावर असेल, तर आरटीजीएसच्या फॉर्मवर सही करू नका.