जुन्या डेस्कटॉपचं घरचं नॅस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या श्रावणात आईच्या भजनी मंडळाच्या बावीस कॅसेट्स डिजिटल करून झाल्या, आणि त्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न आला. लॅपटॉप भरलेला, गुगलचे फुकटचे 15 जीबी कधीच संपलेले, पोर्टेबल डिस्क एकदा टेबलावरून पडलेली. घरातल्या सगळ्यांना वापरता येईल असं साठवणीचं एक ठिकाण हवंच होतं.

आधी दोन डिस्कांचा तयार नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा, पाहिला. नुसत्या रिकाम्या डब्यातच माझं बजेट संपत होतं, डिस्क वेगळ्या. शेवटी एका ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप नऊ हजारांत घेतला. सहाव्या पिढीचा आय-5, 8 जीबी रॅम. त्यात 4 टीबीची डिस्क घातली आणि सिस्टिमसाठी घरात पडून असलेली 120 जीबीची एसएसडी. वर ओपनमीडियाव्हॉल्ट टाकलं, म्हणजे साध्या मशीनचं नॅस करणारी सिस्टिम. ते मोफत आहे, डेबियन लिनक्सवर चालतं, आणि एकदा बसवलं की मॉनिटर-कीबोर्ड काढून ठेवायचे, पुढचं सगळं ब्राउझरमधून. (4 टीबीची डिस्क 3.6 दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर 1024 ने, एवढाच फरक आहे.)

पहिला आठवडा कॉपीच्या मंद वेगाने छळलं. कॉपी सेकंदाला 11 एमबीच्या वर जाईना. डिस्क बदलून पाहिली, सेटिंग्ज उलथीपालथी केली. शेवटी राउटरपासून आलेल्या केबलचं टोक उजेडात धरलं, तर पारदर्शक प्लगमध्ये आठाऐवजी चारच तारा. गिगाबिटला, म्हणजे सेकंदाला 1000 मेगाबिटला, आठही लागतात. चारांवर जोडणी 100 मेगाबिटलाच थांबते. नवी कॅट-6 केबल लावली आणि आकडा 110 वर गेला. वाय-फायवर मला तीस-चाळीस मिळतात, रोजच्या कामाला पुरतात.

डिस्क घेताना मात्र एसएमआर की सीएमआर हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. एसएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिण्याचे पट्टे, कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात; सीएमआरमध्ये ते सुटे, शेजारी-शेजारी असतात. एक कौल बदलायला शेजारची उचलावी लागतात, तसं मधलं काही बदललं की पुढचंही पुन्हा लिहावं लागतं. त्यामुळे मोठी कॉपी चालू असताना वेग मध्येच कोसळतो. मुख्य डिस्क सीएमआरच घ्या. बॅकअपला एसएमआर चालते, माझी यूएसबीवरची दुसरी डिस्क तीच आहे.

या दुसऱ्या डिस्कबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. जो तो म्हणत होता, दोन डिस्क घे आणि रेड-1 कर. मी केलं नाही. रेड-1 मध्ये एका डिस्कवर जे होतं ते त्याच क्षणी दुसरीवरही होतं, मग ते पुसणं का असेना. त्याऐवजी रोज रात्री दोन वाजता आरस्नॅपशॉट हा बॅकअपचा प्रोग्राम या दुसऱ्या डिस्कवर प्रत काढतो. सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या, सहा महिन्यांच्या प्रती राहतात. न बदललेली फाइल पुन्हा लिहिली जात नाही, म्हणून जागाही फार खात नाही.

दिवाळीत पुतण्याने लॅपटॉपवर जागा करताना ‘भजन’ फोल्डर उडवलं. ते होतं नॅसवर. नेटवर्कवरून डिलीट केलेलं विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. पोरगा रडकुंडीला आला होता. आदल्या रात्रीची प्रत उघडली, फोल्डर परत ओढलं, पाच मिनिटांत बाविसाच्या बावीस कॅसेट्स जागेवर. रेड असतं तर दोन्ही डिस्कांवर रिकामी जागा दिसली असती.

फोटोंसाठी इमिच वापरतो, म्हणजे गुगल फोटोजसारखं, पण आपल्याच मशीनवर चालणारं ॲप. फोनवरचे फोटो आपोआप चढतात, चेहरेही घरच्याच मशीनवर ओळखले जातात. पहिल्यांदा चाळीस हजार फोटो चाळायला त्याला दोन रात्री लागल्या, नंतर त्रास नाही.

आमच्याकडे वीज जाते, म्हणून यूपीएस लागतोच. घेताना मागे यूएसबी पोर्ट आहे ना, ते बघा. मी न बघता घेतला आणि बदलावा लागला. त्या केबलवरून बॅटरी संपत आल्याचं कळलं की मशीन स्वतःच नीट बंद होतं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंगही लावून ठेवा. मीटर लावून पाहिलं तर साधारण 22 वॉट घेतं, म्हणजे महिन्याला सोळा युनिट. तयार नॅस यापेक्षा कमी खाईल, हे खरं.

बाहेरून बघायला टेलस्केल आहे, आपल्याच उपकरणांना इंटरनेटवरून खाजगीपणे जोडणारं ॲप. आमच्या फायबरला पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा स्वतंत्र पत्ता) नाही, तरी चालतं. राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅस इंटरनेटवर सोडू नका. 2022 मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने असेच उघड्यावरचे हजारो नॅस कुलूपबंद करून पैसे मागितले होते.

घराला आग लागली किंवा चोरी झाली तर दोन्ही डिस्क एकदमच जातील. म्हणून तिसरी प्रत ताईकडे पुण्याला ठेवली आहे. ती अजून हातानेच, दोन-तीन महिन्यांतून एकदा जाते. आता गुढीपाडव्याला ताई येईल तेव्हा तिच्याकडची डिस्क घेऊन यायला सांगितलं आहे.